वांग्याखालचा कागद

दर्यापूरच्या कोर्टात मी सरकारी वकील होते तेव्हा माझ्याबद्दल एक वाक्य तालुकाभर फिरायचं. म्याडम कोनाचं वांगंबी घेत नाहीत. कोर्टासमोरच्या टपरीवर म्हणायचे, पोलीस ठाण्यात म्हणायचे. कानावर आलं की मी वरून कपाळाला आठ्या घालायची आणि आतून फुगायची. आता खोटं कशाला सांगू, मला ते वाक्य फार आवडायचं.

त्याला जुनं कारण होतं. मी अकोल्याकडच्या माळ्याची पोरगी. दीड एकराचा मळा, विहिरीला गोडं पाणी, वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, धुऱ्यानं, बांधाच्या कडेनं, झेंडू. कोणत्याही कचेरीत काम निघालं की माय आधी मळ्यात जायची आणि थैली भरायची. तलाठी असो, हेडमास्तर असो, दवाखान्यातली नर्स असो, रिकाम्या हातानं कोणापुढं उभं राहायचं नाही ही आमच्या घरची रीत. लाच हा शब्द तिच्या गावीही नव्हता. आणि कागद कायम थैलीच्या तळाशी. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, त्यावर वांगी, वांग्यांवर मेथीच्या जुड्या. "वरतून भाजी दिसली का यस्टीत कोनी हात घालत नाही," माय म्हणायची. माझी बारावीची गुणपत्रिका अशीच कॉलेजात पोचली. तिथल्या बाबूनं आधी भाजी स्वतःच्या पिशवीत ओतून घेतली, मग कागद वर काढला. गुणपत्रिकेला मेथीचं पान चिकटलं होतं. ते त्यानं नखानं उडवलं आणि हसला. मी मायच्या मागं उभी होते, जीव द्यावासा वाटला मला. त्या दिवशीच ठरवलं, आपण कधी टेबलाच्या पलीकडे बसलो तर कोणाची थैली घ्यायची नाही.

बसले एकदाची. अमरावतीला भाड्याची खोली, रोज सकाळच्या बसनं दर्यापूर, संध्याकाळी वापस.

सरकारी वकील म्हणजे पोलिसांचा वकील, असं सगळ्यांना वाटतं. पोलिसांनाही वाटतं. तसं नाही ते. पोलीस तपास करतात, कागद आणतात. त्या कागदांत दम आहे की नाही हे आपल्या डोक्यानं ठरवायचं आणि कोर्टाला खरं ते सांगायचं, आरोपीच्या फायद्याचं असलं तरी सांगायचं, ही आमची नोकरी. वरून कोणी म्हटलं म्हणून कोणाला अडकवायचं नाही, कोणी म्हटलं म्हणून सोडायचं नाही. भरतीच्या परीक्षेत सरकारी वकिलाचं काम काय, या प्रश्नाचं उत्तर मी चार पानं लिहिलं होतं.

हरभरा सोंगायचे, कापणीचे दिवस होते. दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यातल्या एका गावातून पोलिसांनी एका बाईला आणलं. तिशीच्या आतलीच असेल. दोन मुली होत्या तिला. सहावा महिना चालू असताना ती घरीच मोकळी झाली होती, लेकरू मेलेलं निघालं होतं, आणि घरच्यांनी ते वावराच्या धुऱ्यावर पुरलं होतं. कोणीतरी निनावी तक्रार केली की दोन पोरी आहेत, तिसरीही पोरगीच निघाली म्हणून पाडली. पोलीस घरी गेले. सासूनं आपल्या मुलाला, तिच्या नवऱ्याला, वाचवायला हात झटकले. "आमाले काई मालूम नाई, तिनंच काई गोळ्या खाल्ल्या असतीन," असा जबाब दिला. घरात गोळ्यांची एक रिकामी पट्टी सापडली. तहसीलदारांसमोर धुरा उकरला. बेकायदा गर्भपात आणि पुरावा लपवला म्हणून गुन्हा दाखल झाला आणि पेपरात मोठा मथळा आला.

आता माझं सांगते. मी घरातली तिसरी पोरगी. माझ्या वेळी शेजारच्या बायांनी मायला एका दवाखान्याचा पत्ता दिला होता, पोटात काय आहे ते पाहून ये म्हणून. माय गेली नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आलेली. शाळाशाळांत जाऊन मी मुली वाचवा म्हणून भाषणं ठोकायची, स्वतःचाच दाखला द्यायची, समोरच्या बाया डोळ्याला पदर लावायच्या. त्यामुळे ही केस टेबलावर आली तेव्हा कागद वाचायच्या आधीच माझं डोकं तापलं होतं.

त्यात फोन आला. तालुक्यातले एक माजी पदाधिकारी, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. "म्याडम, थे गर्भपाताचं प्रकरण तुमच्यापाशी हाय ना? गरीब हाय बिचारी. जमानतीले जास्त ताणू नका. पाहून घेजा थोडं."

मी म्हटलं, "भाऊ, कोर्टाच्या कामाचा फोन मला करायचा नाही," आणि ठेवला. समोर पैरवीचा हवालदार बसला होता, ठाण्यातून कोर्टाच्या कामासाठी नेमलेला. तो म्हणाला, "म्याडम, तुमी कोनाच्या बापाचं ऐकत नाही बाप्पा!" झालं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मनात म्हटलं, भाऊ, आता बघाच तुम्ही.

जमानतीच्या सकाळी एक म्हातारा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, खांद्यावर दुपट्टा. हातात निळ्या चौकटीची थैली, तिचा खालचा कोपरा लाल कापडाच्या तुकड्यानं शिवलेला. थैलीतून मेथीच्या जुड्या बाहेर डोकावत होत्या.

"नमस्कार जी. मी तिचा बाप होय. अकोल्याकडून आलो." आणि त्यानं थैली माझ्या टेबलाच्या कडेला टेकवली.

"काय आहे यात?"

"वांगे हायत मळ्यातले. अन् आतमंधी..."

आतमंधीच्या पुढचं मी ऐकलंच नाही. मला राग आला की माझी भाषा बदलते, थेट मळ्यात जाते. "मले वांगे दाखवून राहिले तुमी?" मी ओरडले. "पोरीचा जीव घेतला अन् वांगे आनले? भाऊचा फोन झाला, आता थैली? उचला आधी! हवालदार, बाहेर काढा यांना."

हवालदारानं थैली खसकन ओढली. दोन वांगी फरशीवर घरंगळली. म्हातारा वाकला, दोन्ही वेचून घेतली, दुपट्ट्याला पुसून परत थैलीत घातली. "चुकलं जी, चुकलं," म्हणत हात जोडत मागच्या मागं गेला. दारात हवालदार कोणाला तरी सांगत होता, पाहिलं ना, म्याडम कशा हायत. मी फाईल उघडली तेव्हा मला छान वाटत होतं. हो, छानच वाटत होतं.

कोर्टात तिला पोलिसांनी पिंजऱ्यात उभं केलं. तिचा वकील दोन मिनिटं बोलला, बाई आहे, लहान लेकरं आहेत, एवढंच. मी उठले तेव्हा ती भिंतीला टेकली होती. हळूच म्हणाली, "साहेब, बसू का?" मी म्हटलं, "साहेब, हे सगळं नाटक आहे." साहेबांनी तिला बसू दिलं. मग मी सुरू झाले. भाषणातली सगळी वाक्यं तयारच होती. "एका मुलीला जन्माला यायच्या आधीच मातीत घातलं या बाईनं," मी म्हटलं. तेव्हा तिनं मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

जमानत नाकारली गेली. तिला अमरावतीच्या तुरुंगात नेलं. मीही त्याच संध्याकाळी, त्याच रस्त्यानं, खिडकीजवळची जागा धरून अमरावतीला आले.

तिसऱ्या आठवड्यात हवालदार कागदांचा गठ्ठा घेऊन आला. पोलीस दोषारोपपत्र कोर्टात टाकायच्या आधी कच्चे कागद आमच्याकडं तपासायला आणतात, आम्ही त्यावर मत लिहितो, अशी पद्धत आहे. "वरून लय घाई हाय म्याडम," तो म्हणाला. मी चहा सांगितला आणि जबाब वाचायला घेतले. सासूचा वाचला, नवऱ्याचा वाचला. मग बापाचा. पोलिसांच्या भाषेत लिहिलेला, जसाच्या तसा आठवतो मला:

घटनेच्या आदल्या दिवशी मी स्वतः मुलीस अकोला येथे सोनोग्राफीकरिता घेऊन गेलो. डॉक्टरांनी पोटातील बाळाचे ठोके बंद असल्याचे सांगून दुसऱ्या दिवशी भरती होण्यास सांगितले. मुलींची सोय लावण्याकरिता ती सासरी परत गेली व सकाळी घरीच मोकळी झाली. सदर सोनोग्राफीचा कागद मी थैलीमध्ये घालून सरकारी वकील मॅडम यांना दाखविण्याकरिता नेला असता, त्यांनी थैली न घेतल्याने परत आणला.

थैली न घेतल्याने. मी ते तीनदा वाचलं. चहा आला तो तसाच राहिला.

अगं, तू माळ्याची ना? वांग्याखाली कागद असतो हे तुला कोणी शिकवायला पाहिजे होतं? सगळ्या दर्यापूर कोर्टात, सगळ्या वऱ्हाडात म्हण, ज्या एका बाईला ती थैली पाहताच कळायला पाहिजे होतं, ती मी. माझी स्वतःची गुणपत्रिका तशी आलेली. आणि मीच ती थैली फेकायला लावली. हवालदारासमोर मला रडता येईना, नुसतं नाक गळायला लागलं.

मी ठाणेदारांना फोन लावला. "सोनोग्राफीचा कागद कुठाय?"

"हाय ना म्याडम, आमच्यापाशी. म्हाताऱ्यानं जबाबाच्या वेळी देल्ला. लय भेलेला होता. म्हने, वकील म्याडम चिडल्या, मंग मी कोनालेच दाखवला नाही. सोताच्या वकिलाले बी नाही."

"मग गठ्ठ्यात का नाही?"

"थो आरोपीच्या फायद्याचा हाय ना म्याडम. त्याहिचा वकील पाहून घेईन."

"अन् ती गोळ्यांची पट्टी?"

"लोहाच्या गोळ्या होत्या. दवाखान्यातूनच भेटतात थ्या."

शेवटचा प्रश्न विचारायची मला हिंमत होत नव्हती. पण विचारला. "शवविच्छेदनात काय आलं? मुलगी होती?"

"मुलगा होता म्याडम."

म्हणजे मी कोर्टात एका मुलीला मातीत घातलं म्हणून गरजत होते, तेव्हा त्या पिंजऱ्यात ती एकटीच होती जिनं ते लेकरू डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला माहीत होतं. दोन पोरींनंतरचा तो पोरगा गेला होता तिचा, आणि मी तिला सांगत होते की तू पोरगी मारली.

त्याच दुपारी माझ्या वरिष्ठांचा फोन आला. वाईट माणूस नव्हे, मला लेकीसारखं वागवायचे. "हे प्रकरण पेपरात गाजलंय," ते म्हणाले. "वर बैठकीत विषय निघाला होता. जाऊ द्या कागद कोर्टात. काय व्हायचं ते तिथं होईल, पाच-सहा वर्षांनी सुटेल निर्दोष असली तर. आपण कशाला अंगावर घ्यायचं?" मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि भाऊंनी तुम्हाला फोन केला होता हे सगळ्यांना ठाऊक आहे. आता तुम्ही मऊ झालात तर लोक काय म्हणतील, विचार करा."

केला मी विचार. अख्खा एक दिवस केला. ती तिकडं तुरुंगात, अंगातलं दूध अजून आटलेलं नसेल, आणि मी इकडं खोलीवर कॉटवर पडून माझ्या नावाचं काय होईल याचा विचार करत होते. लाज वाटते सांगायला, पण तसंच झालं. त्या दिवसात एक गोष्ट मात्र कळली, जी चार पानांच्या उत्तरात नव्हती. मला वाटायचं मी कोणाचं ऐकत नाही. छे! मी भाऊंचंच तर ऐकलं होतं, फक्त उलटं. ते सोड म्हणाले म्हणून मी धरलं. त्यांचा फोन आला नसता तर कदाचित मी कागद नीट वाचले असते, म्हाताऱ्याला बसवलं असतं, पाणी विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी मत लिहिलं. सोनोग्राफीचा कागद जोडावा, या बाईविरुद्ध गुन्हा दिसत नाही, दोषारोपपत्र पाठवू नये. खाली सही केली. तिच्या वकिलाला सांगून जमानतीचा नवा अर्ज टाकायला लावला आणि कोर्टात उभी राहिले. म्हटलं, "सरकार पक्षाची हरकत नाही. हा कागद मागच्याच वेळी कोर्टासमोर यायला पाहिजे होता. तो आला नाही याला मी जबाबदार आहे." साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. ती सुटली. पुढं पोलिसांनी तक्रार गैरसमजातून झाली असा अहवाल दिला, तेव्हाही मी सरकार पक्षाची हरकत नाही म्हटलं, कोर्टानं तो मान्य केला, प्रकरण बंद झालं.

टपरीवरचं वाक्यही बदललं. "म्याडमनं वांगे नाही घेतले ना बाप्पा, सिधा मळाच घेतला!" हवालदारानंच मला ऐकवलं, वर खो खो हसला. भाऊंचा फोन आला, "समजदार हाय तुमी म्याडम, मले मालूमच होतं." तो मला त्या वाक्याहून जास्त लागला. आणि कोणाला काय सांगणार? मळा घेतला नाही हे सिद्ध करायला माझ्यापाशी कोणताच कागद नव्हता.

दीड-दोन वर्षांनी माझी बदली अकोल्याला झाली. एका सकाळी भाजी बाजारात वांगी पाहत होते. काटेरी देठाची, जांभळी, आमच्या मळ्यात व्हायची तशीच. वर पाहिलं तर ती. बसली होती पोत्यावर, बाजूला लहान पोरगी भाजीच्या पोत्याला टेकून झोपलेली, आणि मागं म्हातारा सांभाराच्या जुड्या बांधत होता.

तिनं मला ओळखलं. हसली नाही. तराजू उचलला आणि म्हणाली, "तुमी कोनाचे वांगे घेत नाही म्हने."

"अर्धा किलो दे," एवढंच म्हटलं.

म्हाताऱ्यानं मागून पाहिलं. "अरे, म्याडम हायत! बसा ना बाई. चा घेजा." एक पोतं झटकून पुढं केलं. मी बसले त्यावर, बाजाराच्या मधोमध, साडीनिशी. म्हटलं, "आबाजी, माझं चुकलं हो त्या दिवशी. लय चुकलं."

तो जुडी बांधत राहिला. "चुकलं त मायंच बाई. मी आधी कागद काहाडाले पाहिजे होता, वांगे मंग."

दोन वर्षं त्या माणसानं असा हिशेब मनात ठेवला होता, की चूक त्याची. मला हुंदका आला. शेजारची भाजीवाली पाहायला लागली, पाहू दे म्हटलं.

जरा वेळानं मी तिला विचारलं, "मी त्या दिवशी मुलगी मुलगी म्हणत होते. तुला तर माहीत होतं. बोलली काहून नाहीस?"

"तुमी बोलून राहिल्या होत्या ना," ती म्हणाली.

चहा आला, आम्ही तिघांनी घेतला. सासरचे तिला न्यायला आलेच नव्हते. नवरा आईच्या शब्दाबाहेर नव्हता. धाकटीला त्यांनी आबाजीसोबत पाठवून दिलं होतं, थोरलीला ठेवून घेतलं. एकदा ती स्वतः कोर्टाचा आदेश घेऊन सासरी गेली होती. "सासूनं हातात नाही घेतला," ती म्हणाली. "म्हने, असले कागद आमी घेत नाही."

घेणार कसा? तो कागद खरा मानला तर स्वतःचा जबाब खोटा ठरतो. मी तिला सांगितलं की पोरीच्या ताब्यासाठी कोर्टात अर्ज करता येतो, फुकट वकील मिळतो, मी पत्ता देते. ती म्हणाली, "थे केलं मी. अर्ज टाकला. तारखा चालू हायत." मग वांग्यांच्या ढिगाखाली हात घालून तिनं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. प्रकरण बंद झाल्याचा आदेश. कडा मऊ पडल्या होत्या. "तुमी होत्या ना तिथं? याच्यावर तुमचं लिवलं हाय ना?"

"हो. सरकार पक्षाची हरकत नाही, ते मी म्हटलेलं."

"मंग तुमी जा ना म्याडम तिथं. सासूले नका सांगू, थे नाई ऐकत. पोरीले सांगा. आठ वर्साची झाली थे. तिले वाटते मायनं लेकरू मारलं. शाळेत पोट्टे बोलतात तिले. मी फोन केला त घेत नाही. कोर्टानं पोरगी देल्ली बी मले, त तिच्या मनातलं कोन काहाडन?"

सरकारी वकिलानं पक्षकाराच्या घरी जायचं नसतं. नियमात बसत नाही, नोकरीवर येऊ शकतं. मी हे सगळं तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला वांगी तोलायला लागली. तिला माझ्याकडून तेच अपेक्षित होतं. तेव्हाच मी म्हटलं, "रविवारी जाते."

रविवारी सकाळी आबाजी बसस्टँडवर आला, हातात तीच थैली. निळ्या चौकटीची, लाल तुकडा लावलेली. "रिकाम्या हातानं जाऊ नका बाई," म्हणाला. वर मेथी, खाली वांगी, तळाशी आदेशाची प्रत. मी थैली मांडीवर घेऊन दर्यापूरच्या बसमध्ये बसले. दर्यापूरहून जीपनं फाट्यापर्यंत, तिथून पायी. मायनं आयुष्यभर अशाच थैल्या वागवल्या आणि मी तिच्या मागून चार पावलं अंतर ठेवून चालायची, कोणी पाहू नये म्हणून.

सासू ओट्यावर तूर निवडत होती. मी सांगितलं मी कोण ते. तिचे हात थांबले.

"काय पाहिजे?"

"काही नको. हे थोडं मळ्यातलं आणलं," मी थैली पुढं केली. "आणि आतमध्ये..."

"आमाले काई नाई घ्या लागत," ती उठलीच. "जा तुमी. मेलेलं प्रकरण उकरू नका."

आतमध्येच्या पुढचं मला बोलताच आलं नाही. म्हाताऱ्याला काय वाटलं असेल ते मला तिथं, त्या ओट्यासमोर, उन्हात उभं राहिल्यावर कळलं. ते चार पानांच्या उत्तरात मावत नाही.

तेवढ्यात दारातून पोरगी बाहेर आली. दोन वेण्या, हातात वही. माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही. थैलीच्या त्या लाल कोपऱ्याकडं पाहत होती.

"हे त आबाजीची थैली होय," ती म्हणाली.

आजीनं तिचा दंड धरला. मला कळलं की आता एवढाच वेळ आहे. कागद काढायला, वाचून दाखवायला वेळ नव्हता. कोर्टात तिच्या मायविरुद्ध बोलले होते त्याहून मोठ्यानं मी बोलले, "बाई, तुह्या मायनं काही नाही केलं! लेकरू पोटातच गेलं होतं. तुह्या मायनं नाही मारलं. मी सरकारी वकील हाय, मले मालूम हाय. तिच्यावर मीच खोटं बोलली होती, कोर्टात, मी!"

आजीनं तिला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. पोरीनं किती ऐकलं, सगळं की अर्धं, मला ठाऊक नाही. वही ओट्यावर पडली होती. ती मी उचलली, झटकली, आणि तिच्याशेजारी थैली ठेवली. लाल कोपरा दाराकडं केला.

मग मी फाट्यावर आले. जीप यायला तासभर लागला. अख्खा तास मी गावाच्या रस्त्याकडं पाहत उभी होते. थैली परत द्यायला कोणी आलं नाही.